पकडणारा उशिरा वळला

आमच्या घरात रविवार दुपारचा एकच कायदा होता: स्कोअर सांगायचा नाही.

कायदा नवऱ्याने केलेला. टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये रविवारी दुपारी बारा वाजता सगळं गाव अमेरिकन फुटबॉल बघायला टीव्हीसमोर बसतं आणि नेमकं त्याच वेळी माझा नवरा मराठी शाळेत पोरांकडून बाराखडी घोटून घेत असायचा. शाळा म्हणजे भाड्याचा हॉल आणि घडीची टेबलं. ती मांडणं आणि शेवटी उचलून ठेवणं हेही मास्तरांकडेच. स्वेटरच्या आत तो आमच्या संघाचा शर्ट घालून यायचा. शाळा सुटली की दोन्ही कानांत बोटं घालून गाडीपर्यंत चालायचा, कारण पार्किंगमध्ये उभे असलेले बाप लोक मुद्दाम मोठ्याने बोलायचे. गाडी मी चालवायची, रेडिओ बंद ठेवायचा, पेट्रोल भरायला थांबायचं नाही. तिथल्या पंपावरसुद्धा टीव्ही आहेत.

टीव्हीखालच्या केबलच्या डब्याला त्याने एकदाच सांगून ठेवलं होतं, की आपली प्रत्येक मॅच रेकॉर्ड कर. बाराला डब्यावरचा लाल दिवा लागायचा, मॅच संपली की विझायचा. आमच्या लेकीची मराठी शाळा तोवर कायमची संपली होती आणि ती घरी सोफ्यावर पाय पसरून मॅच लाइव्ह बघायची. गराजचं दार उघडलं की बाप तिथूनच ओरडायचा, “आलोय. कोणी बोलू नका.” मग तो तिच्याकडे पाठ करून खुर्चीत बसायचा. तिच्या चेहऱ्यावरून स्कोअर वाचता येतो, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते खरंच होतं. त्या मुलीला तोंडाने गप्प राहता येतं, चेहऱ्याने नाही. हा गुण माझ्याकडून आलेला नाही.

मला त्या खेळात काडीचा रस नव्हता. अंगावर पडायचं, उठायचं, चर्चा करायची आणि पुन्हा पडायचं. क्वार्टरबॅक म्हणजे कोण, ते नवऱ्याने मला लग्नघराचं उदाहरण देऊन समजावलं होतं. चेंडू आधी त्याच्या हातात येतो, तो कुणाकडे फेकायचा ते त्याने क्षणात ठरवायचं आणि समोरचे धटिंगण तेवढ्यात त्याला आडवा करायला धावतात. “लग्नातला कर्ता माणूस म्हण,” तो म्हणायचा. “जेवण चांगलं झालं तर आचाऱ्याचं कौतुक, आणि मीठ कमी पडलं की सगळे याच्या नावाने बोटं मोडणार.”

आणि आमच्या क्वार्टरबॅकच्या नावाने सगळं गाव बोटं मोडत होतं. तो नक्की किती चांगला आहे, या एका प्रश्नावर किराणा दुकानात, देवळाच्या रांगेत, ऑफिसच्या कँटीनमध्ये माणसं भांडायची. सोप्या मॅचेस जिंकतो, अवघड वेळी कच खातो, हे त्याच्यावरचं मुख्य बालंट. आमचा स्वतःचा अड्डा होता एका मुंबईकर काकांच्या घरी. काका इथे फार जुने. सोमवारी संध्याकाळी त्यांच्याकडे सात-आठ मराठी माणसं जमायची आणि आदल्या दिवशीच्या मॅचचं शवविच्छेदन करायची. तिथे नवरा एकटा क्वार्टरबॅकच्या बाजूने, बाकी सगळे विरुद्ध. विरुद्ध पक्षाचा पुढारी म्हणजे नवऱ्याचा जिवलग मित्र, पक्का नागपूरकर. तो क्वार्टरबॅकला “पोट्टा” म्हणायचा. “पोट्ट्याच्या हातात चेंडू नको, पेढा द्या,” म्हणायचा. नवऱ्याकडे उत्तरांचा साठा होता. आकडे बघू नका, त्याला किती वेळ मिळाला ते बघा. त्याच्या पुढचे राखणदार झोपले होते ते बघा. आणि फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने पकडला, म्हणजे त्या खेळातलं मोठं पाप घडलं, की हमखास एकच वाक्य: “चूक त्याची नाही. पकडणारा उशिरा वळला.”

हे वाक्य इतक्यांदा झालं होतं, की काकांकडे कोणाच्या हातून कप पडला तरी सगळे म्हणायचे, पकडणारा उशिरा वळला.

त्या रविवारी सकाळी शाळेला निघताना मी नेहमीप्रमाणे क्वार्टरबॅकला काहीतरी बोलले. नवरा चिडला नाही. म्हणाला, तू एकही मॅच पूर्ण न बघता त्याला नावं ठेवतेस, आज एक माझ्याबरोबर बघ. एकच. मी म्हटलं, बघते, पण भजी तू तळायची. तो म्हणाला, कबूल.

शाळा सुटल्यावर टेबलं उचलताना तो खाली बसला. नुसता बसला. मला वाटलं कंबर धरली. त्याच्या तोंडाला घाम दिसला तेव्हा मी अँब्युलन्स बोलावली. हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता, बोलत होता, नर्सला त्याचं आडनाव नीट म्हणायला शिकवत होता. शेजारीण लेकीला गाडीतून घेऊन आली. ती बापाजवळ बसली आणि मी त्याचं इन्शुरन्सचं कार्ड आणायला पार्किंगमध्ये गेले. कार्ड स्वेटरच्या खिशात, स्वेटर मागच्या सीटवर. परत आले तोवर त्याला आत नेत होते. त्याने हात वर केला. मी म्हटलं, ये लवकर, भजी तळायचीत. मग दार मिटलं.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. तो परत आला नाही.

पुढच्या रविवारी मी टीव्हीच्या खोलीत उगीच उभी होते. बाराला टीव्हीखाली लाल दिवा लागला.

मला हे लक्षातच आलं नव्हतं. डब्याला कोणी सांगितलं नव्हतं, की ज्याच्यासाठी हे जमवायचं तो माणूस गेला. नवऱ्याने दिलेला हुकूम तो बिनतक्रार पाळत होता. मी खुर्चीकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती, पण डब्याच्या लेखी तो आत्ता शाळेत होता, थोड्या वेळाने कानांत बोटं घालून येणार होता. मला भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा जास्त बरं वाटलं.

तो गेला त्या दिवशीची मॅच डब्यात होतीच. मी यादीत तिच्यापुढे खूण करून ठेवली, की ही पुसायची नाही. आणि ठरवलं, की ती मॅच बघायची नाही, तिचं काय झालं ते विचारायचं नाही, ऐकायचं नाही. तो घरी येऊन ती मॅच बघणार होता आणि मी त्याच्याबरोबर बसणार होते. जोवर मला स्कोअर माहीत नाही तोवर तो रविवार संपलेला नाही. हे वेडेपण आहे हे मला कळत होतं. मी दिवसभर बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी बाई, मला भुताखेतांत शिरायला कोणी सांगितलं होतं? पण अर्विंगसारख्या गावात एका मॅचचा निकाल न कळता राहून दाखवा. मी कानांत बोटं न घालता ते केलं. न्हाव्याच्या दुकानासमोरून जाताना रस्ता बदलला, ऑफिसात कोणी त्या सीझनबद्दल बोलू लागलं की पाणी आणायला उठले. नवऱ्याचा कायदा मी त्याच्यापेक्षा कडक पाळला. तो फक्त दोन तास पाळायचा. मी चार वर्षं पाळला.

काकांकडे मी पुन्हा जाऊ लागले ते काकूंच्या आग्रहाने. पहिल्याच सोमवारी नागपूरकर पोट्ट्याला झोडपत होता, पण त्याच्या बोलण्यात दम नव्हता, कारण समोर कोणी नव्हतं. रिकाम्या आखाड्यात माणूस किती वेळ दंड थोपटणार. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “त्याला किती वेळ मिळाला ते बघितलंत का?” आवाज माझा होता, पण वाक्य कुणाचं ते सगळ्यांना कळलं. मलाही कळलं आणि अंगावर काटा आला. नागपूरकराने चष्मा पुसला आणि म्हणाला, “बोला वहिनी.”

मग मी बोलतच गेले. डब्यात साठणाऱ्या मॅचेस मी बघू लागले, ती एक सोडून. राखणदार कसे फुटतात, पळणारा कुठे वळतो, चेंडू कधी सोडायचा, सगळं शिकले. क्वार्टरबॅकचा वकील म्हणून माझं नाव झालं. मी त्या बुजुर्गांना सोमवारमागून सोमवार हरवू लागले. कच खातो म्हणता, कधी खाल्ली ते सांगा. अवघड मॅचच्या शेवटच्या मिनिटाला त्याने चेंडू घालवला असं एक उदाहरण द्या. आणि हे सगळे पुरुष, एरवी बायकोलाही बोलू न देणारे, गप्प बसायचे. मला त्याचा भारी अभिमान होता. नवऱ्याला जे जमलं नाही ते मी करून दाखवलं, असं मी त्याच्या खुर्चीला घरी येऊन सांगायचे. खुर्ची ऐकायची. कधी कधी मला वाटायचं, की खुर्चीला काहीतरी सांगायचंय.

मागच्या नोव्हेंबरात केबल कंपनीचा निरोप आला. जुने डबे बंद होणार, महिनाअखेरीस आणून द्या. त्यातली रेकॉर्डिंग नव्या डब्यात येणार नाहीत. मी फोन करून अर्धा तास भांडले. पलीकडचा मुलगा फार नम्र होता. म्हणाला, मॅडम, तुम्हाला कुठली मॅच हवी आहे ते सांगा, तिचा सारांश कुठेही मिळेल. सारांश. मी फोन ठेवला.

त्याच आठवड्यातल्या सोमवारी माझा आवाज जरा चढलेला होता. क्वार्टरबॅकने आदल्या दिवशी मॅच घालवली होती आणि नागपूरकर पेटला होता. मी माझा हुकमाचा पत्ता काढला. अवघड मॅच, शेवटचं मिनिट, एक उदाहरण द्या.

“आहे ना उदाहरण,” नागपूरकर म्हणाला, “त्या दिवशी नाही का, तुमच्या शाळेच्या...”

आणि थांबला. काकांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. हात ठेवण्यात घाई नव्हती, सवय होती. मी इकडेतिकडे बघितलं. सगळे चहाच्या कपांत बघत होते. असं त्यांनी पहिल्यांदा केलं नव्हतं, मी पहिल्यांदा बघितलं होतं.

मी स्वयंपाकघरात गेले. काकू पोहे परतत होत्या. मी विचारलं, तुम्ही सगळे त्या मॅचचं नाव माझ्यासमोर घेत नाही ना? मला आधी वाटलं होतं, माझी ती खूण, माझा तो कायदा त्यांना कळला असेल आणि माझ्यासाठी ते सांभाळत असतील. काकूंनी गॅस बारीक केला.

“तुझ्यासाठी नाही गं,” काकू म्हणाल्या. “तुझ्या लेकीने तेराव्याला हात जोडले होते सगळ्यांसमोर. माझ्या आईपुढे ती मॅच कधी काढू नका, म्हणाली. का, ते सांगितलं नाही. एवढीशी पोर, रडत होती. कोण विचारणार?”

मी पोहे न खाता घरी आले. माझा संताप संताप झाला होता. पहिला राग स्वतःच्या मूर्खपणाचा. चार वर्षं मी जिंकत नव्हते. त्यांच्या हातात पुरावा होता आणि ते तो मुठीत दाबून माझं ऐकून घेत होते. मला दया दाखवलेली खपत नाही, आणि इथे अख्खी खोली दर सोमवारी ओंजळभर दया दाखवत होती. दुसरं म्हणजे स्कोअर मला कळला होता. कोणी सांगितला नाही, तरी कळला. आपण हरलो होतो, शेवटच्या मिनिटाला, त्याच्या हातून. मी घरात शिरले आणि खुर्चीकडे न बघता वर गेले. जणू तो विचारेल, काय झालं, आणि माझ्या चेहऱ्यावरून वाचेल.

लेक आता ऑस्टिनला कॉलेजात असते. मी तिला फोन करून एवढंच सांगितलं, की शनिवारी ये, डबा परत द्यायचाय, त्याआधी ती मॅच बघू. ती म्हणाली, “जस्ट गिव्ह इट बॅक, आई. प्लीज. बघू नको.” मी म्हटलं, मी बघणार आहे, तू आलीस तर तुझ्याबरोबर, नाहीतर एकटी. ती आली.

शनिवारी दुपारी पाऊस होता. मी कांद्याची भजी तळली. लेक माझ्या शेजारी सोफ्यावर बसली. खुर्ची आम्ही दोघींनीही मोकळी ठेवली, न ठरवता. मी बटण दाबलं आणि तो रविवार सुरू झाला. पडद्यावर ऊन होतं, त्याच दिवसाचं. मी मनात हिशोब लावत होते. आता पहिला भाग चाललाय, म्हणजे आता तो फळ्यावर क ते ज्ञ लिहितोय. आता मध्यंतर, म्हणजे मुलांना बिस्किटं वाटतोय. आता टेबलं. जाहिराती मी पळवल्या नाहीत. तो नेहमी पळवायचा. त्या वेळात तो जिवंत होता, मग मी कशाला पळवू?

खेळ चांगला होता, हे सांगायला हवं. क्वार्टरबॅक तर फारच छान खेळत होता. मी दोनदा टाळ्या वाजवल्या. लेक भज्याला हात लावत नव्हती. शेवटची दोन मिनिटं राहिली, आपण चार गुणांनी मागे, चेंडू आपल्याकडे, आणि ती उठली.

“बस,” मी म्हटलं.

“आई, आय कान्ट.”

“बस खाली.”

ती बसली. माझ्या हाताला धरून बसली. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी धरायची तसं. क्वार्टरबॅकने एकेक पास देत चेंडू जवळ आणला. आता एकच पास, शेवटच्या रेषेपलीकडे आपल्या माणसाने पकडला, की मॅच आपली. त्याला वेळ मिळाला. भरपूर मिळाला. राखणदार भिंतीसारखे उभे होते. कोपऱ्याकडे धावणारा आपला माणूस वळला, अगदी वेळेवर वळला, हात पसरून उभा राहिला. आणि क्वार्टरबॅकने चेंडू त्याच्या हातभर मागे फेकला, सरळ समोरच्या संघातल्या एकाच्या छातीवर. चार वर्षं मॅचेस बघून मला एवढं कळत होतं. यात दुसऱ्या कोणाला दोष द्यायला जागा नव्हती. कच खाल्ली होती.

“चूक त्याची नाही,” मी म्हटलं. “पकडणारा उशिरा वळला.”

मी ते ठरवून म्हटलं नाही. डोळ्यांनी एक बघितलं आणि तोंडाने दुसरं बोलले. लेकीने माझा हात सोडला. ती माझ्याकडे अशी बघत होती, की मी वळून खुर्चीकडे बघितलं.

“बाबा सेम म्हणाले,” ती म्हणाली.

“कधी?”

“हॉस्पिटलमध्ये. तू कार्ड आणायला गेलीस तेव्हा.” आणि मग ते सगळं बाहेर आलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत, हुंदक्यांत. शेजारीण न्यायला आली तेव्हा मॅच नुकतीच संपली होती. हॉस्पिटलमध्ये ती बापाकडे बघायचं टाळत होती, नियमाप्रमाणे. त्याने तिची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला. वाचला. म्हणाला, हरलो ना? ती हो म्हणाली. त्याने विचारलं, शेवटचा पास? तिने सांगितलं, त्यांनी पकडला. “मग ते हसले. म्हणाले, पकडणारा उशिरा वळला असेल. आणि म्हणाले, आईला सांगू नको हं, तिला माझ्याबरोबर बघायचीय. मग ते मशीन बीप करायला लागलं आणि सगळे धावत आले.” ती थांबली. “मी सांगितलं म्हणून झालं, आई. मी खोटं बोलायला हवं होतं. वुई वन म्हणायला हवं होतं.”

चार वर्षं. मी इकडे डब्यात नवऱ्याला जपून ठेवत होते आणि माझी पोर तिकडे बापाला मारल्याचं ओझं घेऊन परीक्षा देत होती, गाडी शिकत होती, माझ्याशी फोनवर भाजीबद्दल बोलत होती. मी ती मॅच बघितली की मला निकाल कळेल, मग मी विचारेन, मग तिला सांगावं लागेल. म्हणून तिने सगळ्यांची तोंडं बंद केली होती. या घरात भूत होतं हे खरं. पण ते माझ्या खुर्चीत नव्हतं, ते तिच्या मानेवर बसलं होतं, आणि त्याला दर रविवारी दिवा मी लावत होते.

मला रडू येत होतं, पण मी आधी रागावले. मला तेच जमतं.

“ऐक,” मी म्हटलं. “डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, त्याची नस कधीची बंद होत आली होती. सकाळपासून दुखत असणार, त्याने सांगितलं नाही. आणि दुसरं, तू तुझ्या बापाला ओळखत नाहीस का? धक्का बसलेला माणूस गप्प होतो. तो सबब सांगत होता. न बघितलेल्या पासची. तू त्याला मारलं नाहीस. तू त्याला वाद घालायला विषय दिलास.”

ती हसली का रडली ते कळलं नाही. दोन्ही असावं. आम्ही तो शेवटचा पास पुन्हा लावला, आणि पुन्हा. तिने पडद्याजवळ जाऊन बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, “आई, तो लेट नाही वळला.” मी म्हटलं, नाही, उशिरा नाही वळला. गार भजी आम्ही दोघींनी संपवली.

सोमवारी डबा परत दिला. काउंटरवरच्या बाईने वायर गुंडाळून तो एका मोठ्या खोक्यात इतर डब्यांवर ठेवला. संध्याकाळी काकांकडे गेले. सगळे जरा सांभाळून बसले होते. मी चहा घेतला आणि म्हटलं, ती मॅच मी बघितली. आता काढा. तुमचा पुरावा काढा.

काकांनी नागपूरकराकडे बघितलं. मी वाट बघत होते, की आता हा मला झोपवणार, चार वर्षांचं तुंबलेलं सगळं बाहेर काढणार, आणि मला ते हवं होतं. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“वहिनी,” तो म्हणाला, “मी पाहिला तो पास. पोट्ट्याची चूक नव्हती. पकडणारा उशिरा वळला.”

हो म्हणणं फार सोपं होतं. खोलीतले सगळे हो म्हणायला तयार होते आणि आम्ही सगळे मिळून त्याला आणखी काही वर्षं त्या वाक्यात बसवून ठेवू शकलो असतो.

“नाही,” मी म्हटलं. “वेळेवर वळला होता. मी नीट बघितलंय.”

नागपूरकराने मान खाली घातली. काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तिथे, त्या सगळ्यांसमोर, मी नवऱ्यासाठी पहिल्यांदा रडले.

पुढच्या रविवारी बाराला मी टीव्हीच्या खोलीत होते. टीव्हीखाली काही लागलं नाही. मी खुर्ची सरळ केली, तिच्यात बसले, आणि मॅच लाइव्ह लावली.